खाणीत गेलेला झरा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका मेंढीचा खूर साफ केला. तिनं मेंढी दाबून धरली आणि मी चाकूच्या टोकानं खुराच्या फटीतली दगडाची कपची काढली. डोंगराला खाण लागल्यापासून हे रोजचंच झालं होतं. कपची बघून ती म्हणाली, "आवो, ठेकेदाराचा माल चोरून आनला की तुमच्या मेंढीनं. आता मुकादम यील धरायला."

"यिऊ दे. मेंढीच देतो धरून."

ती हसली, लुगड्याला हात पुसले आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

पाणी कुठलं, ते सांगायला मागं जावं लागेल. टेंभुर्णीकडून जाफराबादला जाताना आमचा डोंगर लागायचा. आमचा म्हणजे कागदावर नव्हे. आजे-पणजे तिथं मेंढरं चारत आले, म्हणून आमचा. वर एक झरा होता. उन्हाळ्यात करंगळीएवढी धार, पण कधी आटला नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि काही सालांनी पक्क्या रस्त्याचं निघालं. साखळ्या आणि रंगीत काठ्या घेऊन साहेबलोक आमच्या मेंढवाड्यावर आले. आमच्यात रीत अशी, की वाड्यावर आलेल्या पाहुण्याला काम विचारायचं नाही. तो जाताना आपणहून सांगतो. पण हे पाहुणे जाईचनात. दूध प्यायले, बोकड खाल्लं. आमच्याच पोरांनी त्यांची साखळी ओढली, चुना टाकला. माझा म्हातारा चुलता तर साहेबाचा हात धरून कुठला दगड टणक आणि कुठला ठिसूळ ते दाखवत फिरला. पाहुण्याला डोंगर आवडला, याचंच त्याला कौतुक.

माझी बायको तेवढी म्हणाली, "कशाला मोजून राह्यलेत, इचारा तरी कुनी."

म्हाताऱ्यांनी तिलाच गप्प केलं. "पाव्हन्याला असं इचारत्यात व्हय गं? काई रीतभात?"

साहेबांनी मात्र आमची रीत बराबर पाळली. जाताना सांगितलं. "या डोंगराची खडी होणार आहे. मेंढरं दुसरीकडे न्या."

मग सुरुंग लागले. लाल बावटा वर गेला की आम्ही मेंढरं घेऊन पळायचं, खाली आला की परत यायचं. एका सुरुंगानं झऱ्याचं तोंड बुजलं आणि पाणी खाली खाणीतच निघालं. आम्ही कचेरीत गेलो. साहेब म्हणाला, "डोंगर सरकारी आहे. तुमचा कशावरून?"

चुलता म्हणाला, "मेंढरांला इचारा साहेब. त्यांला वाट पाठ हाय."

कचेरी खदखदून हसली. साहेबानं समजूत घातली, की रस्ता झाला म्हणजे तुम्हालाच मोटारीत बसायला मिळेल. "मंग मेंढरं टपावर बसवू का?" असं चुलत्यानं विचारलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. आम्हाला बाहेर काढलं.

तेव्हापासून बापजाद्यांचा झरा आणि परवानगी मुकादमाची. त्यातही खाणीत उतरायची गाडीवाट खडीच्या बैलगाड्यांसाठी राखलेली. काम चालू असताना पाण्याला जायचं तर बायांनी कडेच्या दगडांवरून उतरायचं, म्हणजे सरकारी गाड्यांना अडचण नको. बायांना अडचण झाली तर चालत होतं.

त्या दिवशी ती कडेनं उतरत होती. सुरुंगानं हललेला दगड पायाखालून सुटला आणि ती खाली झऱ्याच्या डबक्यात पडली. दगडफोड्यांनी तिला वर आणलं. त्यांच्यातल्या एका बाईनं स्वतःचं धडुतं तिच्यावर घातलं. ती लोकं पोटासाठी आलेली, त्यांना मी कधी शिवी दिली नाही.

मुकादम आला. "वाईट झालं मामा. पन बाई आमच्या हद्दीत आलीच कशाला?"

"तुमची हद्द आमच्या झऱ्यावर आली म्हनून."

तो म्हणाला, "असं पुन्हा हू नये याचा मी पक्का बंदोबस्त करतो. तुमच्याच भल्यासाठी."

शब्दाचा पक्का माणूस. आम्ही तिला माती देत होतो तेवढ्यात त्यानं खाणीभोवती बाभळीचे काटे टाकून घेतले, गाडीवाटेवर सुद्धा. माणूस पडतं हे इतक्या उशिरा ध्यानात आलं, आणि बंद काय केलं, तर पाणी. त्या सांजेला मेंढरं काट्यापाशी ओरडून ओरडून तशीच माघारी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊबंद म्हणाले, "सुतक हाय. आज वाडा सोडू नको."

"मेंढरांला सांगा सुतक," म्हणालो आणि कुऱ्हाड घेतली. एकजण मागं आला. "ज्या पान्यात ती गेली, ते पाजतो व्हय रे?"

"पान्यानं न्हाई मारलं तिला."

गाडीवाटेवरचे काटे तोडले, ओढून बाजूला फेकले आणि मेंढरं खाली सोडली. मुकादम बावटा हलवत धावत आला. "मामा, सुरुंग भरलाय! जल्दी काढा मेंढरं!"

मी वाटेच्या मधोमध बसलो. मागं खडीच्या गाड्या अडल्या. "भरलाय तर भरलेला राहू दे. पिऊन हू दे त्यांचं."

"पोलिसाला बोलावतो!"

"बोलाव. त्यालाबी पानी पाज."

तो बावटा धरून उभा राहिला. शेवटची मेंढी पिऊन वर येईस्तोवर मी काही उठलो नाही.