‘किनार’ नावाची फाईल

माझी बायको सुमंगला मंगळवारी गेली. त्याच आठवड्यात तिचा लॅपटॉप बंद पडला.

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी सोलापुरात एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. पुस्तक जागेवर नसेल तर ते कुणीतरी नेलेलं असतं, एवढंच मला माहीत.

सुमंगला घरी बसून चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी चादरींच्या किनारींचे नमुने पायथॉन या संगणकाच्या भाषेत करायची. मलाही तिनंच शिकवलं. फंक्शन्स, म्हणजे एकेका कामाच्या सूचना, एका फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि दुसरीकडे लागतील तेव्हा नाव घेऊन मागवायची... याला इम्पोर्ट म्हणतात. तिच्या फाईलचं नाव ‘किनार’, त्यातलं एक फंक्शन ‘मोर’. फाईलच्या शेवटी, सगळ्या फंक्शन्सच्या बाहेर, तिनं एक वाक्य छापायची सूचना ठेवली होती. त्यामुळे काहीही मागवलं, की आधी स्क्रीनवर तेच उमटायचं — ‘ऊटा आतेन री?’ ती अक्कलकोटची, माहेरी कानडी. जेवण झालं का, एवढाच अर्थ.

“अगं, ही चूक आहे. मी मोर मागितला, हे कशाला?”

“राहू द्या की. नाहीतर तुम्हाला कोण विचारणार, पुस्तकं?”

विचारणं एकदाच व्हायचं. स्क्रीनवरची पायथॉनची खिडकी बंद करून नव्यानं उघडेपर्यंत, पुन्हा मागवलं तरी फाईल गप्प. पायथॉनची तशीच रीत आहे.

लॅपटॉपबरोबर ती फाईलही गेली. कॉपी नव्हती. तरी मी माझ्या लॅपटॉपवर अधूनमधून ‘किनार’मधून ‘मोर’ मागवायचो. दर वेळी एकच उत्तर — असं मॉड्यूल, म्हणजे अशी फाईलच, नाही. ते वाचायचं, खिडकी मिटायची.

मे महिन्यातली दुपार होती. कुलर चालू होता, ताट झाकून ठेवलेलं. सवयीनं ओळ टाईप केली. एरर आली नाही.

ऊटा आतेन री?

मग ‘मोर’ चालवलं. ठिपक्यांचे मोर, एकामागे एक, प्रत्येकाची मान मागे वळलेली. तो तिचा हट्ट होता. या वेळी खिडकी मिटली नाही.

रविवारी तिचा धाकटा भाऊ आला, बसू. तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं सगळे फोल्डर पाहिले. ही फाईल कुठून आणलीस, असं पायथॉनलाच विचारलं. पत्ता रिकामा आला.

“दाजी, फाईल न्हाय की हितं. तात्पुरत्या साठ्यात, कॅशमध्ये पण न्हाय. मग चाललं कुटनं?”

“तूच सांग.”

“खिडकी बंद करून परत चालवू. आलं तर कायतरी धागा सापडंल.”

“आणि नाही आलं तर?”

त्यानं की-बोर्डवरचा हात काढून घेतला. म्हणाला, “फोन केला की आक्का मला पण पयलं हेच विचारायची... दाजी, तुमी जेवलात का?”

मी जेवलो नव्हतो. दोघांनी भाकरी खाल्ली.

हे कसं झालं, ते त्याला सांगता आलं नाही, मलाही नाही. वाचकांपैकी कुणी सांगू शकेल, तर जरूर सांगावं. फक्त बंद करून बघा, असं सांगू नये.

खिडकी अजून उघडी आहे. लॅपटॉप चार्जिंगला लावलेला असतो. मी वेळेवर जेवतो.