पिवळा बोर्ड

"बोर्ड पहले लगा. आदमी बाद में."

जहाजाच्या किचनचा मॅनेजर माझ्यावर ओरडला. खाली ओल्या फरशीवर दत्तू आडवा पडलेला. भोवती फुटलेल्या प्लेटा. भांडी धुण्याच्या मशीनमधून चार दिवस पाणी गळत होतं, आम्ही सांगून थकलो होतो. मी दत्तूकडे वळलो तर मॅनेजरने माझी कॉलर धरली. "सुनाई नहीं देता, गंवार?" फरशी ओली असल्याचा पिवळा बोर्ड मी कपाटातून आणला आणि दत्तूच्या डोक्याशी ठेवला. मॅनेजरने फोटो काढला. दत्तू माझ्याकडे बघत होता. नंतर मी साक्षीदार म्हणून सही केली. बोर्ड आधीपासून तिथेच होता म्हणून.

पुढचं कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. घाबरलो, दुसरं काही नाही.

दत्तू माझ्याच गावचा, सायखेड्याचा. क्रूझवर त्याला मीच चिकटवला होता. मणक्याला मार बसला, तसाच घरी पाठवला. मग कंपनीने उपचारही बंद केले. म्हणे, बोर्ड असून पडला, चूक त्याचीच.

सुट्टीत त्याला भेटायला गेलो. त्याच्या आईने, मावशीने, मला पाटावर बसवून मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी दृष्ट काढली. "माह्या पोराला तू उचललं. तुलाबी नजर लागायची, बाबा." मिरच्या चुलीत टाकल्या. ठसका उठलाच नाही. "लय नजर व्हती," मावशी म्हणाली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. दत्तूने घरात बोर्डाचं काहीच सांगितलं नव्हतं; उलट पडल्यावर मीच उचललं म्हणाला होता.

मावशी बाहेर गेल्यावर मी विचारलं, "का नाय सांगितलं?"

"तुला परत जायचंय ना," तो खाटेवरून म्हणाला. "एकाचं तरी चालू राहू दे."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. इतके दिवस मी त्या धरलेल्या कॉलरचाच अपमान उगाळत बसलो होतो. माझी स्वतःची सही सोयीस्कर विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी नाशिकला वकीलबाईंकडे गेलो.

"जहाजावर काम करताना लागलं तर उपचाराचा खर्च मालकाचा. तो दत्तूचा हक्कच आहे," त्या म्हणाल्या. "पण खोटी सही केल्याचं तुम्ही लिहून देताय. हे तुमच्यावरही शेकेल. परत जहाजावर कोण घेईल?"

"नाही घेतलं तरी चालेल. पहिल्याच ओळीत लिहा, मॅडम. बोर्ड मी ठेवला. तो पडल्यावर."

प्रतिज्ञापत्राची पहिली ओळ परत वाचली. खाली सही केली. आता कुणीही कॉलर धरो, ती ओळ मी बदलणार नाही.