मुसळीचं बेणं

पारोळ्याच्या स्टँडवर सुरतेची बस सुटायला दोन मिनिटं होती आणि माय खिडकीतून बरणी आत कोंबत होती. लग्नानंतर पहिल्यांदाच सासरी निघालेली मी, अंगावर नवी कोरी साडी, शेजारी नवरा. बरणीचं झाकण सैल. पांढरी भुकटी मांडीवर सांडली. बस हलली तरी माय ओरडतच होती, "दूधमा टाकीसन पेत जा, बेटा! रोज!" रडायचं राहिलं बाजूला, मी साडी झटकत सुरतेला गेले.

भुकटी सफेद मुसळीची. आमच्याकडे कपाशीच्या कडेला तिचे दोन वाफे असायचेच. हिवाळ्यात बोटांएवढ्या मुळ्या खणायच्या, ओल्या असतानाच सुरीनं खरवडून सोलायच्या, वाळवायच्या, दळायच्या. गुडघे दुखले, मुसळी. पोर अशक्त, मुसळी. बाळंतीण असेल तर विचारूच नका. फक्त सगळ्यांत जाडजूड गड्डे डोळ्यांसकट माठाशेजारी वाळूत पुरून ठेवायचे. ते पावसाळ्यात लावायचं बेणं. लहानपणी मी त्यातली एक मुळी तोडून चघळली, तर मायनं पाठीत धपाटा घातला होता. "बेनं कधी खावानं नही!"

सुरतेत मी ऑनलाइन साड्या विकणाऱ्या गोडाऊनमध्ये पॅकिंग सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांची पार्सलं, टेप, स्टिकर, डिस्पॅच. त्यात दर दोन महिन्यांनी मायचं पार्सल ठरलेलं. एकदा तिथंच उघडलं, तर पोरी ओढणी तोंडावर घेऊन खिदळल्या. इथं मुसळी म्हणजे भिंतीवरच्या जाहिरातीतलं पुरुषांचं औषध! "भाभी, आ कोना माटे?" कुणासाठी म्हणे! आता ह्यांना काय कपाळ सांगणार? त्या दिवसापासून मी बरण्या उघडणंच सोडलं. फोनवर मात्र, "हो, घेते रोज." तुम्हीही गाव सोडून आला असाल तर हे खोटं तुम्हाला तोंडपाठ असेल.

मग पौषात मला मुलगी झाली आणि कंडक्टरच्या हाती भली मोठी बरणी आली. मी वैतागले. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची यादी दिलेली, फ्लॅटमध्ये पाय ठेवायला जागा नाही, त्यात ही. बरणी वरच्या फळीवर गेली. होळीच्या सुमारास काढली, तर दमट हवेनं गुठळ्या झालेल्या, वर किड्यांची जाळी. सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाकून हात धुतले.

ज्येष्ठात भावाला फोनवर सहज विचारलं, वाफे लावले का? तो म्हणाला, "काय लावसू? दिवाळीना पानीमा मुसळी सडी गई. वाचेल बेनं बठ्ठं मायनी सोलीसन तुले धाडी दिनं."

म्हणजे वाचलेलं सगळं बेणं माझ्या त्या बरणीत होतं! मला आधी राग आला, तो मायचाच. एक शब्द बोलायला काय झालं होतं? तसाच फोन मायकडे द्यायला लावला आणि तिला फाडफाड बोलले. ती शांतपणे म्हणाली, "मी सांगं असतं तं तू खादी असती का?"

म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं! मी घेत नाही हे माहीत असून ती पाठवत राहिली. अशा बाईशी भांडायचं तरी कसं? फोन ठेवला आणि मुलीला मांडीवर घेऊन खूप रडले. स्टँडवर राहिलेलं ते रडणं.

सुरतेत आमचं दोन खोल्यांचं स्वतःचं घर आहे, दारावर माझंही नाव आहे. तरी आज घर कुठलं असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, जिथं वाळूतलं बेणंसुद्धा माझ्यासाठी सोललं गेलं आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाही, ते.

त्या फोनला वर्ष झालं. यंदा ज्येष्ठात मुलीला घेऊन माहेरी निघाले, ती मुद्दाम पिंपळनेरवरून वाट वाकडी करून. बाजारात एका मावशीकडे डोळ्यांसकट गड्डे मिळाले. ओल्या फडक्यात गुंडाळून, सगळा प्रवास मांडीवर सांभाळून ते मायच्या पुढ्यात ठेवले.

मायनं एक गड्डा उचलला, अंगठ्यानं दाबून पाहिला. तिचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, चला, फिटलं एकदाचं. तिनं माझ्याकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि पदर खोचला.

"चांगल्या जाड्या शेतस. सोली देऊ का तुले?"

आणि बाई सुरी आणायला उठलीसुद्धा.