अनेझिनाचा झाडू

आमच्या बेटावर मार्च लागला की मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतात आणि पहिली पाकोळी दिसली की सोडतात. शेजारची अनेझिना मात्र नवऱ्याचा दोरा गाठीवर गाठ मारून बांधायची. निकितास खलाशी. दोरा सुटला की तो बोटीवर निघालाच म्हणून समजा. त्यामुळे ही बया झाडू घेऊन दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालायची आणि वळचणीला घरटं बांधायला आलेल्या पाकोळ्या हुसकून लावायची.

“अगं, लोक पाकोळीची वाट बघतात,” मी म्हणायचे.

“लोकांचे नवरे घरात असतात,” ती फणकारायची.

यंदा निकितास नोकरी सोडून कायमचा घरी आलाय. ईस्टर तोंडावर आला म्हणून ती पायऱ्यांना चुना लावायला बसली, तर हा डोक्याशी उभा. चुना पातळ झाला, मसुरात मीठ कमी पडलं, शेळी अशी का बांधली. सकाळपासून त्याचं तोंड बंद नाही आणि पाय एका जागी नाहीत.

काल बघते तर अनेझिना पुन्हा अंगणात येरझाऱ्या घालतेय. हातात झाडू नव्हता. वळचणीकडे मान वर करून ती पुटपुटत होती, “कुठं मेल्यात या यंदा?”