वहिनीची ठासणीची बंदूक

वहिनी गेल्याचं पुतणी सुलभाने फोनवर सांगितलं, तेव्हा मी मालवणात ऑफिसात होतो. त्याला आता महिना होऊन गेला. ती असताना जे बोलायला हवं होतं, ते आज लिहितो आहे…

थोरला भाऊ अठ्ठ्याण्णव साली वारला. मागे आचऱ्याची माडा-केळीची बाग राहिली आणि शेतराखणीची ठासणीची बंदूक. बंदूक जमा करून टाक, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. वहिनीने मालवणला खेपा घालून परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला. वानरं हाकलायला ती नुसता दारूचा बार काढायची. भरायची रीत तिने मलाही दाखवली होती. दस्ता जमिनीवर, नळी आभाळाकडे, आपलं तोंड बाजूला. मापाने दारू, वर काथ्याचा बोळा, तो लोखंडी गजाने ठासायचा. घोड्याखालची तांब्याची टोपी अगदी शेवटी, बार काढतानाच. आणि या सगळ्याच्या आधी नळीत गज घालून बघायचं, कारण आत बार असला तर गज वर उरतो.

“भावजी, बंदूक भरलेलीच आसा असा धरून चला,” ती म्हणायची. “रिकामी आसा काय, ता गजाक इचारा.”

दोन हजार तीनच्या मे महिन्यात मी तिकडे होतो. वहिनी बाजारात गेलेली, आणि केळीत वानरं उतरली. आवाज मोठा व्हावा म्हणून मी मापापेक्षा जास्तच दारू ओतली, ठासली, टोपी बसवली… तोवर वानरं शेजारच्या आगरात पळाली. टोपी काढून मी बंदूक कोपऱ्यात ठेवली आणि दुपारी मालवणला निघून आलो. वहिनीला सांगायचं विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वानरं परत आली. बंदूक आपण रिकामी करून ठेवली आहे, या भरवशावर वहिनीने घाईत गज न घालताच वरून दुसरा बार भरला. घोडा ओढताच नळी फुटली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आला, तेव्हा मी खाटेशेजारीच होतो. परवाना तिचा, बंदुकीला हात लावायचा मला अधिकार नव्हता, आणि मी सरकारी नोकर. वहिनी एरवी बोलत नसे अशा शुद्ध मराठीत म्हणाली, “साहेब, चूक माझीच. मी गज घालून बघितलं नाही.” मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

परवाना रद्द झाला. वहिनी पत्र्याचा डबा बडवून वानरं हाकलू लागली. दर वर्षी निम्मी केळी जायची. आज सांगू, असं ठरवून मी कितीदा तरी गेलो, चहा पिऊन परत आलो…

बाराव्यानंतर सुलभा मला मागच्या पडवीत घेऊन गेली. “काका,” ती म्हणाली, “आईची बोटां गेली, त्याच दिशी ती माका बोलली होती. ‘पयलो बार भावजींनी भरललो. तू काय बोलू नको. एक दिस ते आपणच येवन सांगतले.’”

सात वर्षं. दर चवथीला मी त्या घरी जायचो. निघताना वहिनी मला तिठ्यापर्यंत पोचवायला यायची. नको म्हटलं तरी यायची, आणि एसटी येईपर्यंत काही न बोलता शेजारी उभी राहायची. मला वाटायचं, दिराचा मान राखते आहे…