फाट्यावर थांबणारी गाडी

ही गोष्ट सांगायचं मी दहा-अकरा वर्षं टाळलं. विसरलो होतो म्हणून नाही. विषय निघाला की मी तंबाखू मळायला घ्यायचो, नाहीतर समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करायचो, आणि गोष्ट बाजूला पडायची. आता माझं वय त्र्याहत्तर आहे. जिला सांगायची ती बाई राहिली नाही. निदान गावाला तरी खरं कळावं म्हणून लिहितो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, पुणे-सोलापूर रस्त्याच्या फाट्यापासून नऊ किलोमीटर आत. गावाच्या शिवारात द्राक्षाचे मळे आहेत आणि त्यांच्या मधोमध वाइन करण्याचा कारखाना. सुरुवातीला गाव त्याला सरळ दारूचा कारखाना म्हणायचं. आता वायनरी म्हणतं, कारण निम्म्या घरांतलं कोणीतरी तिथं कामाला आहे. थंडी सरता सरता तोडणी सुरू झाली की पुण्याहून माणसं ती बघायला येतात, द्राक्षं तुडवतात, चव घेतात, फोटो काढतात. परवा वायनरीच्या हपिसातल्या मुलीनं मला कागद दिला. म्हणाली, "तात्या, तुम्ही सगळं आयुष्य या रस्त्यावर काढलंत. पुण्याहून इकडं कसं यायचं ते लिहून द्या, पाहुण्यांसाठी छापायचंय."

मी तीस वर्षं फाटा ते गाव वडापची, म्हणजे माणशी भाडं घेऊन माणसं नेणारी, जीप चालवली. त्यामुळे हे लिहायला मला काहीच अवघड नव्हतं. स्वारगेटहून बारामतीची विनाथांबा एसटी मिळते, सगळ्यात भरवशाची तीच. पण बारामतीहून पुढं गाडी ठरवावी लागते. आगगाडी दौंडवरून बारामतीला येते, स्वस्त आणि ऐसपैस, पण ज्याला घाई नाही त्यानंच तिच्यात बसावं. सोलापूर किंवा इंदापूरच्या एसटीनं यायचं तर फाट्यावर उतरायचं असल्याचं कंडक्टरला चढतानाच सांगून ठेवावं, नाहीतर गाडी पुलावरून निघून जाते. स्वतःची मोटार असेल तर भिगवणला चहा घ्यावा आणि पुढं सरळ यावं. मात्र जो चाखणार त्यानं परत जाताना चाक हातात धरू नये, त्यासाठी वेगळा माणूस आणावा. इथवर हात सरसर चालला. मग लिहिलं, 'फाट्यापासून पुढे बस नाही.' आणि तिथं मी थांबलो. कारण बस होती. ती माझ्यामुळे गेली.

बारामतीहून एक मुक्कामी गाडी यायची. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास फाट्यावर, सात वाजायच्या आत गावात, रात्रभर देवळापुढं उभी, सकाळी सहाला परत. तिच्यावर कंडक्टर म्हणून आमच्याच गावची सून होती. तिचा नवरा लवकर वारला होता. घरी अंथरुणाला खिळलेली सासू आणि शाळेत जाणारी एक मुलगी. खटपट करून तिनं ही गाडी मागून घेतली होती, कारण गाडी गावात मुक्कामाला म्हणजे तीही घरी मुक्कामाला. संध्याकाळी येऊन सासूला पुसून-पासून भरवायची, पहाटे पुन्हा सगळं आवरून गाडीत चढायची.

फाट्यावर संध्याकाळी कोण असायचं, तर लोणी देवकरच्या कारखान्यांतून सुटलेल्या आमच्या गावच्या बायका, इंदापूरचा बाजार करून आलेली माणसं, आणि हंगामात पुण्याचे दोन-चार पाहुणे. हे सगळे साडेपाचला यायचे. माझी जीप चौदा माणसं झाल्याशिवाय हलत नसे. आता आमच्याकडची एक रीत सांगतो. जीपमध्ये पिशवी ठेवली की ती जागा धरली, आणि एकदा ठेवलेली पिशवी उचलून दुसऱ्या गाडीत जायचं नाही. गेलं तर ड्रायव्हरचा अपमान. त्यातून ड्रायव्हर वयानं मोठा, गावातला, नात्यातला असेल तर नाहीच नाही. मी काय करायचो, बायका पुलाखालून येताना दिसल्या की पुढं होऊन त्यांच्या हातातल्या पिशव्या घ्यायचो. "आण गं, जड हाय," म्हणत सीटवर नेऊन ठेवायचो. झालं. सव्वासहाला एसटी यायची, रिकाम्या सीटा घेऊन समोर उभी राहायची, कंडक्टरबाई दारात येऊन हाक मारायची, आणि बायका माझ्या जीपमध्ये एकमेकींच्या मांडीवर बसून दुसरीकडं बघायच्या.

"तात्या, जीप हाय का कोंबड्यांचं खुराडं?" एकजण म्हणायची.

"खुराड्यात तोंड एवढं चालत न्हाय," मी म्हणायचो.

"आन् कोंबड्यांकडनं भाडं बी घेत न्हाईत," मागून दुसरी. सगळ्या हसायच्या. मीही हसायचो. आपण काही वाईट करतोय असं वाटायचं नाही.

बाई मात्र रोज थांबायची. पाच मिनिटं, कधी सात. घंटी दोनदा मारायची. माझ्याकडं बघून म्हणायची, "चला तात्या, तुमचं तर भरलं, माझं कवा भरायचं?" तिच्या बोलण्यात राग नसायचा.

एकदा ऐन तोडणीच्या दिवसांत कालव्याच्या पुलाजवळ माझ्या जीपच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. आत चौदा माणसं, त्यात पुण्याचं एक म्हातारं जोडपं. मागून एसटी आली. बाईनं गाडी थांबवली, काही न विचारता सगळ्यांना वर घेतलं, पुण्याच्या आजींचा हात धरून त्यांना पुढची जागा दिली. मी खाली जीपपाशी उभा होतो. तिनं खिडकीतून मान काढली. "तुमी बी या की वर. का पिशवी ठेवली न्हाय म्हनून लाजताय?" गाडीभर हशा झाला. मी चढलो. गावात उतरल्यावर तिनं शेजारच्या मिस्त्रीला निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझी जीप दुरुस्त झाली. संध्याकाळी मी पुन्हा फाट्यावर हजर होतो, पिशव्या घ्यायला.

हे झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत एका दुपारी एसटीचे एक साहेब फाट्यावर आले. चांगले, शांत गृहस्थ होते. चहाच्या टपरीवर बसले. मुक्कामी गाडीला माणसं कमी का, याची ते चौकशी करत होते. टपरीवाला होता, आम्ही तीन जीपवाले होतो. मी वयानं मोठा, म्हणून त्यांनी मलाच विचारलं.

"इथून एवढी माणसं जातात, मग बसमध्ये का चढत नाहीत?"

खरं उत्तर माझ्या समोर उभ्या असलेल्या जीपमध्ये होतं. मला वाटलं, हा माणूस आता जीपवर बोट ठेवणार, वडाप बंद करणार. मी म्हणालो, "बाई गाडी थांबवतच न्हाईत, साहेब. मानसं हात करत्यात, गाडी सुसाट."

टपरीवाल्यानं गाळणी हातात धरून माझ्याकडं बघितलं आणि परत चहाकडं वळला. बाकीच्या दोघा जीपवाल्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी लिहून घेतलं. त्यांची काही चूक नव्हती. गावातल्या जाणत्या माणसाला विचारलं, त्यानं सांगितलं, त्यांनी लिहिलं.

पुढं गाडी बंद झाली. बाईला जाब द्यावा लागला, असं ऐकलं. तिला बारामती-पुणे गाडीवर घातलं. पहिली फेरी भल्या पहाटेची, तेव्हा तिला बारामतीत खोली घ्यावी लागली. सासूला हलवता येत नव्हतं. मग सासूचं सगळं त्या शाळेतल्या मुलीवर आलं. आजीचं करता करता तिची दहावी एक वर्ष मागं पडली. गावात एकच बोलणं झालं, की बाई गाडी थांबवत नव्हती म्हणून गाडी गेली. मी ते बोलणं पहिल्यांदा कुणापाशी केलं होतं ते कुणाला आठवायचं कारण नव्हतं.

दोन वर्षांनी माझ्या बायकोच्या पोटात गाठ निघाली. दर तीन आठवड्यांनी पुण्याला सलाईन घ्यायला जायचं, असं जवळजवळ वर्षभर चाललं. मी जीप घेऊन बारामतीला जायचो, ती तिथं लावायची आणि विनाथांबा पकडायची. पहिल्याच दिवशी दारात तीच उभी. मला वाटलं, मागं फिरावं. तिनं बायकोचा चेहरा बघितला आणि म्हणाली, "काकू, पुढं बसा. हितं धक्का कमी लागतो." त्यानंतर आमच्या जायच्या दिवशी तिची ड्यूटी असली की पुढची बाकडी आमच्यासाठी राखलेली. तिच्या पिशवीत आलेपाकाच्या वड्या असायच्या, कागदी पिशव्या असायच्या, आणि परतीच्या गाडीला आम्हाला उशीर झाला तर ती ड्रायव्हरला म्हणायची, "दोन मिन्टं. माझी मानसं यायचीत."

एका परतीच्या खेपेला बायकोला फार मळमळायला लागलं. बाईनं घंटी मारली आणि गाडी रस्त्याकडेला घेतली. ती स्वतः खाली उतरली, बायकोची पाठ चोळत उभी राहिली. मागून एक प्रवासी ओरडला, "अहो, विनाथांबा आहे ना गाडी?"

"हाय की," बाई वळूनही न बघता म्हणाली. "तुमी आजारी पडलात तरी थांबवीन."

मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभा होतो. पुन्हा गाडीत बसल्यावर बायको हळूच म्हणाली, "ह्या बाईचं उपकार कसं फेडायचं वो?" मी खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिलो.

त्याच वर्षी एकदा बायको झोपली होती, गाडी अर्धी रिकामी होती, आणि बाई आमच्या पुढ्यात येऊन बसली. तिकिटाचं यंत्र मांडीवर ठेवून म्हणाली, "तात्या, फाट्यावर बायका उब्या असत्यात का अजून?"

"असत्यात."

"माझी गाडी तितं थांबत न्हवती म्हनं. तुमी तर रोज तितंच असायचा. थांबत न्हवती का वो?"

मी म्हणालो, "थांबायची की. रोज थांबायची."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसली. "मग झालं. एकाला तरी ठाव हाय." आणि उठून तिकिटं तपासायला मागं गेली.

तिला माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. माहीत असून तिनं माझ्या बायकोची पाठ चोळली असेल, तर तिच्याएवढं मोठं माणूस मी पाहिलं नाही. माहीत नसेल, तर मी तिला फसवून ते सगळं घेतलं. स्वारगेट यायला तेव्हा तासभर होता. तो सगळा तास माझा होता, आणि मी तो घालवला. पुढं असे किती तास मिळाले. नाही बोललो.

बायको बरी झाली. आज ती स्वतः चुलीवर भाकरी करते, मला बोलते, नातवंडांना शिस्त लावते. डॉक्टरांचे उपकार आहेतच. पण वर्षभर दर तीन आठवड्यांनी तिला तिथं नेऊन परत आणलं ते त्या बाईच्या गाडीनं, हे मी विसरलो तर माझ्यासारखा कृतघ्न मीच. माझ्या घरात सकाळी जे भांडं वाजतं, त्यात तिचा हात आहे.

बाई मागच्या थंडीत गेली. निवृत्त होऊन गावात येऊन तिला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिसऱ्या दिवशी आम्ही दहा-बारा माणसं तिच्या अंगणात सतरंजीवर बसलो होतो. तिची मुलगी, आता लग्न होऊन बारामती एमआयडीसीत नोकरीला असलेली, सगळ्यांना चहा देत होती. बोलता बोलता एकजण म्हणाला, "बाई मानूस म्हनून लई चांगली. पर गाडी थांबवायची न्हाय, तेवढं एक हुतं. न्हायतर आज गावाला यष्टी असती."

दोघातिघांनी हुंकार दिला. मुलीच्या हातातलं ताट तसंच राहिलं. तिनं त्या माणसाकडं बघितलं नाही, कुणाकडंच नाही. खाली बघून पुढचा कप दिला. तो कप माझा होता. ती म्हणाली, "घ्या, तात्या." मी तो घेतला, प्यालो, आणि "येतो गं पोरी" म्हणून उठलो.

हे सगळं मी काल बायकोला वाचून दाखवलं. तिलाही आजवर सांगितलं नव्हतं. तिनं पदरानं बोटं पुसली. मग म्हणाली, "मला तवा सांगितलं असतं, तर मी बोलले असते तिच्याशी. तुमाला न्हाय जमलं तर मी बोलले असते." एवढंच. आज सकाळपासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. ते बरोबर आहे.

हा कागद मी आधी बाईच्या मुलीला देणार आहे, मग देवळात वाचायला ठेवणार आहे. त्यात जे तिच्या आईला गाडीत, स्वारगेटच्या गर्दीत, तिच्या दारात, कुठंही म्हणता आलं असतं आणि मी म्हटलं नाही, ते असं:

बाई, तुम्ही गाडी थांबवत होता. रोज थांबवत होता, घंटी दोनदा मारत होता. थांबवत नाही असं साहेबांना सांगणारा मी होतो. पिशव्या मी अडकवून ठेवत होतो. माझं चुकलं. मला माफ करा.