मागची पानं वाचलीत?

लोणावळ्याच्या आमच्या वाचनालयात टेबलावर एक चर्चावही असे. पहिल्या पानावर गावातला एखादा प्रश्न मांडलेला, आणि त्याखाली ज्याला जे वाटेल ते त्याने सहीनिशी लिहायचं. ती वही यमुनाबाई सांभाळत. नऊवारी लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, आवाज हळू. पण एकदा नाही म्हणाल्या की नाही.

मी शाळेत नवा मास्तर म्हणून आलो, तेव्हा आठवड्याचा बाजार हलवण्याचा वाद चार महिने वहीत चालू होता. मी पेन काढलं आणि पानभर लिहिलं: बाजार सरळ टेकाडापलीकडच्या माळावर न्यावा. एवढी साधी गोष्ट कुणाला कशी सुचली नाही?

यमुनाबाईंनी वाचलं. "मास्तर, मागची पानं वाचलीत?"

"एवढी साठ पानं?"

"लोकांनी लिहिलीत ना? मग वाचायला काय झालं?"

वाचायला बसलो. अकराव्या पानावर माझीच सूचना कुणीतरी आधी केलेली होती. तिच्याखाली बाईंच्या अक्षरात उत्तर, आणि अंगठा. वरच्या वाडीतून करवंदं, रानभाज्या विकायला येणाऱ्या लाडकूमावशींचा. त्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून बाई स्वतः वाडी चढून गेल्या होत्या आणि एक शब्द न बदलता उतरवून आल्या होत्या: "तितं पानी न्हाई, सावली न्हाई. ल्हान पोर घिऊन आमी बसायचं कुटं?"

मी माझं पान फाडायला गेलो. बाईंनी वहीवर हात ठेवला. "फाडायचं नाही. खाली लिहा, चुकलो म्हणून."

लिहिलं.

पुढे निर्णयासाठी सभा भरली. अध्यक्ष असलेले वकील म्हणाले, "वही राहू द्या. हात वर करू आणि मोकळे होऊ."

बाई उठल्या. "वाडीवरच्या बाया आज मजुरीला गेल्यात. त्यांचे हात इथे नाहीत, बोलणं आहे." आणि त्यांनी पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दोघं उठून गेले. चहा आला, निवला. माझी चूकही त्यांनी तशीच वाचली, माझ्याकडे न बघता. दोन तासांनी बाजार आहे तिथेच ठेवायचं ठरलं. ठराव वकिलांनीच लिहिला.

तीन वर्षांनी माझी पवनेकाठच्या एका गावात बदली झाली. बाई एस.टी. स्टँडवर आल्या. "पहिले काही दिवस तोंड बंद ठेवा, मास्तर. तुम्हाला जड जाईल, पण ठेवा." त्यानंतर आमची भेट नाही, वर्षभरात त्या गेल्याचं कळलं.

त्या गावात शाळेच्या जागेवरून भांडण पेटलेलं होतं. उतरलो तसा लोकांनी मला पारावर नेलं. "गुर्जी, तुमीच सांगा आता, कुनाचं खरं?"

मी पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "मी आजच आलोय. तुमचं बोलणं कुठवर आलंय, ते आधी ऐकू द्या."